धुण्याला वार नव्हता, तिथी होती



नवीन फ्लॅट बघायला गेलं की हल्ली आपण ओट्याच्याही आधी विचारतो, मशीन कुठं बसणार? मग एक चिंचोळी ड्राय बाल्कनी दाखवतात. त्यात एक नळ, एक प्लग आणि पाणी जायला भोक. धुण्याची ही जागा आणि रोज सकाळी उठून मशीन लावायची ही सवय, दोन्ही आपल्याकडच्या बहुतेक घरांत फार तर तीस-चाळीस वर्षांच्या आहेत. त्याआधी धुणं पुरतं घरात नव्हतंच. काही नदीवर होतं, काही परटाकडे, काही परसातल्या दगडावर. आणि कधी धुवायचं, ते पंचांगात होतं.

आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या गावांत परसात आड असूनही बायका धुण्याची पाटी घेऊन कृष्णेवर, वारणेवर, पंचगंगेवर जायच्या. नव्या पिढीला वाटतं, गप्पा मारायला जात असतील. गप्पा होत्याच, पण खरं कारण पाणी. आडाचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्यात चुना-क्षार जास्त, म्हणून साबणाला फेस येत नाही, उलट पांढरट साका धरतो आणि तो कपड्याला चिकटतो. शिवाय नऊवारी लुगडं खळबळून काढायचं तर किती पोहरे ओढायचे? नदीत ते काम वाहतं पाणीच करायचं. लुगडं दोघींनी दोन टोकं धरून पिळायचं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण दगडावर आपटणं एकटीला जमतं, लुगडं पिळणं नाही. धुणं हे तेव्हा दोघीचौघींचं काम होतं.

साबण म्हणजे तरी काय होता? शब्दच अरबीतून आलेला. आपल्याकडे त्याआधी रिठा होता, शिकेकाई होती, चुलीतली राख आणि खारी माती होती. राखेचं निवळलेलं पाणी अल्कलीयुक्त असतं, ते तेलकट मळ सोडवतं. रिठ्यात फेस धरणारं सॅपोनिन असतं आणि ते नाजूक धाग्याला त्रास देत नाही, म्हणून लोकरीला रिठाच. (रेशमालाही, पण किड्यांच्या हिंसेमुळे आपल्यातल्या अनेक घरांत रेशीम शिरतच नाही, तिथे हा प्रश्नच मिटला.)

आता तिथी. अष्टमी आणि चतुर्दशीला धुणं काढायचं नाही, हा नियम आपल्यापैकी बहुतेकींनी आजीकडून ऐकला असेल. कारण सरळ आहे. पर्वाच्या दिवशी आरंभ कमी करायचा, म्हणजे ज्या घरकामात सूक्ष्म जीवांची हिंसा होते ते काम शक्य तेवढं टाळायचं. धुण्यात पाणी सगळ्यात जास्त जातं, म्हणून ते पहिलं बंद. पण याचा घरावर परिणाम काय झाला बघा. महिन्यात दोन अष्टमी, दोन चतुर्दशी, असे चार दिवस धुण्याच्या दगडाला सुट्टी मिळाली. म्हणजे बाईच्या कंबरेलाही. मग सप्तमीला आणि त्रयोदशीला मोठं धुणं काढायचं, चादरी-गोधड्या त्याच दिवशी, हे ओघानंच आलं. दशलक्षण पर्वाच्या आधीचं धुणं तर दिवाळीच्या साफसफाईसारखं असायचं. वेळापत्रक कुणी भिंतीवर लावलं नव्हतं, पण होतं.

इंग्लंड-अमेरिकेत धुण्याचा वार सोमवार होता. रविवारच्या जेवणातलं उरलेलं सोमवारी खायचं, म्हणजे चूल सांभाळायची नाही आणि दिवसभर पाणी उकळून कपडे धुता येतात. आपल्याकडे आदल्या दिवशीचं खायचंच नाही, तेव्हा ती सोय नव्हती. रविवार आपल्या घरात आला तो वेगळ्या वाटेनं. मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. पुढे शाळा-कचेऱ्यांच्या सुट्टीचा वार घरोघरी रुजला आणि गणवेश, पँट-शर्ट धुवायचा दिवसही तोच झाला. पुरुषांची सुट्टी तोच बायकांचा धुण्याचा वार, हे गणित कुणाला खटकलं नाही.

परटाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपण त्याला फार लवकर विसरलो. परीट हा गावच्या बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर कपडे धुवायचे आणि सुगीला धान्य घ्यायचं. लग्नात पायघड्या घालायचा मानही त्याचाच. त्याची भट्टी म्हणजे खाराच्या पाण्यात भिजवलेले कपडे वाफेवर शिजवणं. पांढरं धोतर पांढरं राहायचं ते त्या वाफेमुळे. वीस घरांचे कपडे एकत्र, तरी अदलाबदल होत नसे, कारण काठाला बिब्ब्याच्या रसाची खूण असायची. तो रस एकदा काळा पडला की कशानंही निघत नाही. इंग्रजीत बिब्ब्याचं नावच खुणेचं बी अशा अर्थाचं आहे, ते या धंद्यावरून. संत गाडगेबाबा याच परीट समाजातले. हातात खराटा घेऊन अख्ख्या महाराष्ट्राला स्वच्छता शिकवणारा माणूस कपडे धुणाऱ्यांच्या घरातून आला.

पण एक गोष्ट बोलून टाकते. बाळंतिणीचे, विटाळाचे कपडे अनेक घरांतून परटिणीकडेच जायचे. जे घरात कुणी शिवायला तयार नव्हतं, ते तिच्या हातात. आणि तिनं धुऊन आणलेले कपडे पूजेला चालायचे नाहीत, ते पुन्हा घरच्या पाण्यातून काढायचे. ही शुद्धी मला कधीच पटली नाही. जीवदयेच्या यादीत ती बाईसुद्धा बसते.

साबणाची वडी आली इंग्रजांबरोबर. १८८८ मध्ये लिव्हर ब्रदर्सच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्ता बंदरात उतरल्या. आपल्यासाठी खरा प्रश्न तिथून सुरू झाला, की साबणात आहे काय? विलायती साबणात प्राण्यांची चरबी सर्रास असायची. टाटा ऑइल मिल्स १९१७ मध्ये निघाली ती नारळाच्या तेलाच्या धंद्यावर, आणि ५०१ बार तिचाच. त्याच सुमारास अर्देशीर गोदरेज यांनी वनस्पती तेलाचा अंगाचा साबण काढला आणि चरबी नसलेला साबण म्हणूनच त्याचा गाजावाजा झाला. आमच्या सासूबाई दुकानदाराला वडी हातात घेऊन विचारायच्या, "चरबी नाही ना?" दुकानदार मान हलवायचा, पण त्याला तरी काय ठाऊक? साबणाच्या कारखान्यांसाठी परदेशातून चरबी येतच होती. १९८३ मध्ये वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याचं प्रकरण देशभर गाजलं, तेव्हा सरकारनं चरबीच्या आयातीवर बंदी घातली. म्हणजे सासूबाईंचा प्रश्न बरोबर होता, आणि तो विचारणाऱ्या बायकांना सोवळ्याच्या नादी म्हणून हसणारे चुकले होते.

या पेचातून सुटका झाली ती पावडरीनं. सर्फ १९५९ मध्ये आलं. ते साबण नव्हेच, रसायनापासून केलेलं डिटर्जंट, त्यामुळे चरबीची भीती गेली आणि जड पाण्यातही फेस आला. आडाचं पाणी चालायला लागलं, नदीवर जायचं कारण संपलं. मात्र किंमत परवडत नव्हती. १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी घरच्या परसात निरमा बनवली आणि सायकलवरून विकली. मी कॉमर्सची, त्यामुळे मला त्यांचा हिशेब आवडतो. धुण्याचा सोडा भरपूर, जाहिरात आधी नाहीच, आणि भाव नामांकित पावडरीच्या साधारण पाव. सर्फवाल्यांना उत्तर म्हणून दूरदर्शनवर ललिताजी आणावी लागली, घासाघीस करणारी, पण मालाची पारख असलेली. आपल्यासारख्याच गृहिणीला हिशेबनीस म्हणून पडद्यावर पहिल्यांदा मान मिळाला तो धुण्याच्या पावडरीमुळे! पण त्याच पावडरीनं परटाचा धंदा इस्त्रीपुरता आणला, आणि त्याचं काम मोरीत, घरच्या बाईपुढे येऊन पडलं.

रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात तिकडच्या घरांबद्दल हेच दाखवलं. धुलाईचं काम बाहेरून घरात परत आलं आणि मशीनमुळे श्रम कमी झाले तरी स्वच्छतेची अपेक्षा वाढली, म्हणून वेळ वाचला नाही. आपलं घर मोजून बघा. पूर्वी माणशी दोन जोड अंगावरचे, एक ठेवणीतला. आता एकदा घातलेला टी-शर्ट धुण्यात, टॉवेल रोज धुण्यात. मशीन थकत नाही म्हणून धुण्याला सुट्टी नाही, आणि वाळत घालणं, काढणं, घड्या, जागेवर ठेवणं हे अजून हातानंच. तेही बहुधा एकाच हातानं.

आणि पाणी. पंडित आशाधरांनी तेराव्या शतकात 'सागारधर्मामृता'त श्रावकाच्या आठ मूळगुणांची जी एक यादी दिली आहे, तिच्यात पाणी गाळणं आहे. मशीनची नळी थेट नळाला जोडली की ते राहतं. माझ्याकडे नळाच्या तोंडाला दुहेरी जाड कापडाची पिशवी बांधून पाणी पिंपात घेते, आणि अर्धस्वयंचलित मशीनमध्ये बादलीनं ओतते. हे त्रासाचं आहे, पण त्यामुळे किती पाणी लागतं ते डोळ्यांना दिसतं. शेवटचं खळबळलेलं पाणी पुढच्या रंगीत कपड्यांना वापरता येतं. पावडर पाकिटावर लिहिल्याच्या निम्मी घालते, कपडे निघतात. पेलाभर पाणी गाळून प्यायचं आणि फेसाच्या बादल्या पंचगंगेकडे सोडायच्या, यात मला काही मेळ दिसत नाही.

जागेचं म्हणाल तर ड्राय बाल्कनीत तीन टोपल्या पुरतात: पांढरे, रंगीत, आणि चौक्याचे किंवा अभिषेकाचे वेगळे. ओलं काही टोपलीत टाकायचं नाही, आधी दांडीवर. ओला टॉवेल गोळा करून ठेवला की त्यात जीवोत्पत्ती होते हे आजी सांगायची, आणि कुबट वास आला की ते नाकालाही कळतं. छताला दोरी-कप्पीची दांडी बसवून घ्या, खाली ओढून कपडे घालायचे आणि वर चढवायचे. साठीनंतर खांदे वर जात नाहीत.

सप्तमी आणि त्रयोदशीला चादरी निघतात. अष्टमी-चतुर्दशीला मशीनवर कापड टाकलेलं असतं. सुनेला पंचांग बघायचा कंटाळा, म्हणून तिनं मोबाइलवर आदल्या संध्याकाळची आठवण लावली आहे. नातवाचा गणवेश त्या दिवशी धुवायची वेळ आलीच, तर तो ज्याचा गणवेश, तो धुतो.