नाथमाधव: ठाऊक असलेल्या इतिहासातले रहस्य

मंडळी, आपल्या मालवण किनाऱ्यावर 'तांडेल' म्हणजे कोण, हे कुणाला सांगावे लागत नाही. होडीवर ज्याचा शब्द चालतो तो तांडेल. हा शब्द 'सावळ्या तांडेल' या कादंबरीच्या नावात घेणारे लेखक म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, अर्थात नाथमाधव.

जन्म १८८२ चा, मुंबईचा. कुलाब्याला तोफगाड्यांच्या कारखान्यात नोकरी, आणि शिकारीचा नाद. ऐन तारुण्यात सिंहगडावर शिकारीला गेले असता कड्यावरून कोसळले. कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. पुढे वाचन, मग लेखन. १९०८ मध्ये 'प्रेमवेडा', १९१३ मध्ये 'वीरधवल', नंतर शिवकालावरची 'स्वराज्य' माला. १९२८ मध्ये, अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षी ते गेले. शरीर खिळले म्हणून त्यांचे नायक घोडे उधळीत सुटले, असे म्हणायचा मोह आपल्याला होतो. पण तशी दुखापत अनेकांना होते. 'वीरधवल' एकानेच लिहिली. तेव्हा एवढे एकच कारण पुरत नाही.

खरा प्रश्न पुढेच आहे. अफजलखानाचे काय झाले, हे शाळकरी पोरही सांगते. मग शिवकालात रहस्य उरते कुठे? आपण आपल्या सिंधुदुर्गाकडेच पाहू. बांधकाम १६६४ ला सुरू झाले, १६६७ ला पुरे झाले. पण त्या तीन वर्षांत दगड-चुना वाहणाऱ्या होड्यांवर तांडेल कोण होते? पावसाळ्यात त्यांच्या घरी चूल कशी पेटली? शेवट ठाऊक असतो. तिथवर पोचवणारी माणसे ठाऊक नसतात. ऐतिहासिक रहस्यकथेची जागा हीच. किल्ला उभा राहणार हे वाचकाला माहीत असते, पण निरोप घेऊन निघालेला पोरगा परत येईल का, हे माहीत नसते. म्हणून तो पान उलटतो.

इथेच एक धोकाही आहे. इतिहासकाराचा निष्कर्ष पुराव्याने बांधलेला असतो आणि नवा पुरावा आला की बदलतो. कादंबरीतला उलगडा मात्र लेखकानेच रचलेला असतो. तो खोडायला कुठला कागद पुढे येणार? वाचून दहा वर्षे झाली की कल्पित पात्रही आपल्याला बखरीतले वाटू लागते, आणि मग त्याच्यावरून भांडणे होतात. तो दोष नाथमाधवांचा नव्हे, आपल्या वाचण्याचा आहे.

तेव्हा नाथमाधव जरूर वाचावेत, रात्र जागवून वाचावेत. सकाळी मात्र एवढे विचारावे: यातले कळले किती, आणि नुसते आवडले किती?