काडतूस घरी भरायचं की विकत आणायचं? असईपासून आजपर्यंतचा हिशोब

आजचा प्रश्न एका ओळीचा आहे. बारा बोअर बंदुकीचं वापरलेलं काडतूस घरीच पुन्हा भरलं, तर पैसे वाचतात का?

हा प्रश्न आपल्याकडे येतो कुठून, ते आधी सांगतो. यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ असतात. गॅरेजमध्ये एक माणूस बसलेला, समोर टेबलाला पक्कं केलेलं छोटं यंत्र. हँडल खाली ओढलं की एक काडतूस तयार. पुन्हा ओढलं, दुसरं तयार. आणि इकडे जालना जिल्ह्यात मक्यात रात्री रानडुकरांचा कळप शिरतो, हरभऱ्यात रोही उतरतात. काही घरांत आजोबांपासून चालत आलेला पीक संरक्षणाचा परवाना आहे, भिंतीवर एकनळी बंदूक आहे. अशा घरातल्या पोराने तो व्हिडिओ बघितला की डोक्यात गणित सुरू होणारच.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे हा वाद रोजचा: एखादी गोष्ट स्वतः बनवायची की विकत घ्यायची? तिथे एक गोष्ट लवकर कळते. ‘एका नगामागे किती वाचले’ हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. आधी विचारायचं, यातला कुठला भाग दुसऱ्याच्या हातात आहे? काडतुसाचा सगळा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो.

आधी काडतूस म्हणजे काय ते बघू. शब्द पोर्तुगीज आहे, ‘कार्तुशो’वरून आलेला. पगार आणि बटाटा ज्या वाटेने मराठीत आले, त्याच वाटेने काडतूसही आलं. आत पाच गोष्टी असतात: बाहेरचं कवच, बुडाशी ठिणगी देणारी टोपी, दारू, मधला बोळा आणि वर छर्रे. ‘बारा बोअर’ हे मापही मजेशीर आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची. म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर.

पण काडतुसं सर्रास होण्याआधी शेकडो वर्षं प्रत्येक बंदूकवाला आपला बार स्वतःच भरायचा. ठासणीची बंदूक म्हणजे तेच. तोंडातून दारू ओतायची, बोळा घालायचा, गोळी किंवा छर्रे टाकायचे आणि गजाने ठासायचे. आपण आजही ‘ठासून भरलंय’ म्हणतो, ‘फुसका बार’ म्हणतो. तेव्हा ‘घरी भरणं परवडतं का’ असा प्रश्नच नव्हता, कारण दुसरा पर्यायच नव्हता. आणि ते जमायचं, कारण सगळं साहित्य जवळपास मिळायचं. सोरा, गंधक, कोळसा, शिसं. पेटवायला तोडा किंवा गारगोटी. यातलं काहीही बनवायला मोठा कारखाना लागत नव्हता.

आता हाच प्रश्न एका माणसाऐवजी एका राज्याला विचारू. कारण त्याचा निकाल आपल्याच जिल्ह्यात लागलाय.

असई. भोकरदनच्या बाजूला, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधलं गाव. २३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज. दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगभर गाजला.

शिंद्यांनी ‘स्वतः बनवायचं’ हा निर्णय वीसेक वर्षं आधीच घेतला होता. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉयन नावाच्या अधिकाऱ्याला नोकरीत घेतलं आणि कवायती पलटणी उभ्या केल्या. पलटण उभी करणं एकवेळ सोपं, तिला रोज दारूगोळा पुरवणं अवघड. म्हणून आग्र्याला तोफा ओतण्याचा आणि बंदुका बनवण्याचा कारखाना निघाला. सँगस्टर नावाचा एक स्कॉटिश माणूस ते काम बघायचा. त्याच्याकडे तयार होणारी बंदूक साधारण दहा रुपयांना पडायची, असं जुन्या इंग्रजी पुस्तकांत लिहिलंय.

माल कसा होता? हे शत्रूच्याच तोंडून ऐकू. लढाईनंतर वेलस्लीने लिहिलं की शिंद्यांच्या तोफा इतक्या चांगल्या आहेत की आमच्या फौजेलाही वापरता येतील. टिपूच्या तोफांबद्दल त्याला असं म्हणता आलं नव्हतं, हेही त्याने तिथेच सांगितलं.

त्या तोफांनी त्या दिवशी काय केलं? इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल आणि गोलंदाज सुरुवातीलाच मारले गेले. ७४ वी हायलँडर्स ही पलटण असई गावाच्या फार जवळ गेली आणि तिथल्या तोफांच्या छर्ऱ्यांनी जवळजवळ संपली. हो, छर्ऱ्यांनी. जवळच्या माऱ्यासाठी तोफेत पत्र्याच्या डब्यात गोळ्या भरून घालत. तोंडातून बाहेर पडताच डबा फुटायचा आणि गोळ्या पसरायच्या. बारा बोअरचं काडतूस म्हणजे त्याच डब्याचा छोटा भाऊ. इंग्रजांची रांग पुढे निघून गेल्यावर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले मराठी गोलंदाज उठले, पुन्हा तोफांवर गेले आणि मागून मारा सुरू केला. इंग्रजांकडचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४. म्हातारपणी वेलिंग्टनला विचारलं, तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती? वॉटर्लूचं नाव त्याने घेतलं नाही. एकच शब्द बोलला: असई.

मग शिंदे हरले का? लढाईत हरण्याची कारणं बरीच आहेत. आपल्या विषयाचं कारण एकच धरू. तोफा स्वतःच्या होत्या, पण त्या चालवणारी वरची फळी भाड्याची होती. युद्ध सुरू होताच शिंद्यांकडच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना कंपनीने जाहीरनामा काढून आपल्याकडे बोलावलं आणि ते गेले. द बॉयननंतरचा सेनापती पेराँ याने त्याच सप्टेंबरात नोकरी सोडली. सोऱ्याचं बघा. हिंदुस्थानातला सगळ्यात मोठा सोरा बिहारचा, आणि त्याचा मक्ता कंपनीने १७५८ मध्येच मिळवलेला. असईला ९८ तोफा गेल्या. तोफा पुन्हा ओतता आल्या असत्या, पण पुढच्याच महिन्यात आग्रा पडलं. म्हणजे गोळाही गेला आणि गोळा ओतणारी भट्टीही गेली. ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगावचा तह झाला.

स्वतः बनवणं दहा रुपयांत परवडत होतं. मोडलं ते दुसऱ्याच्या हातात असलेल्या भागावर.

पुढची पन्नास वर्षं हा दुसऱ्याच्या हातातला भाग वाढतच गेला. १८०७ मध्ये फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं. त्यातून तांब्याची छोटी टोपी आली. पावसात न विझणारी, झटकन पेटणारी. बार एकदम भरवशाचा झाला. पण गारगोटी माळावर सापडते, टोपी सापडत नाही. ती कारखान्यातूनच आणावी लागते. ठासणीची बंदूक वापरणारा माणूस पहिल्यांदाच दुकानाला बांधला गेला.

काडतुसात काय आहे आणि ते कोणी भरलंय, हा प्रश्न किती पेटू शकतो हे १८५७ ने दाखवलं. एन्फिल्ड बंदुकीचं कागदी काडतूस दातांनी फाडायचं होतं आणि त्याला गाईची किंवा डुकराची चरबी लावल्याची बातमी पसरली. सरकारने जानेवारीतच घाईने सांगितलं, काडतुसं बिनचरबीची घ्या, वंगण तुमचं तुम्ही लावा. पण उशीर झाला होता. दुसऱ्याने बंद करून दिलेल्या वस्तूवरचा विश्वास एकदा उडाला की कागद बदलून परत येत नाही. जूनमध्ये आपल्या शेजारी औरंगाबादला हैदराबाद कंटिन्जंटचं घोडदळही बिथरलं.

त्यानंतर सरकारने दोन गोष्टी केल्या. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळा कारखाना सुरू झाला. १८७८ मध्ये लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना, युरोपियनाला सूट. त्याच काळात मागून उघडणाऱ्या बंदुका आल्या आणि आज आपण ओळखतो तसं काडतूस आलं. साहेब लोक शिकारीला जाण्याआधी संध्याकाळी बसून आपली काडतुसं स्वतः भरत. बंदुकीच्या दुकानात त्यासाठी हत्यारांचे संच मिळत. म्हणजे घरी काडतूस भरणं हा एकेकाळी हिंदुस्थानातही चालणारा छंद होता, पण सूट असलेल्यांचा.

जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. १९४८ नंतर ते भारतात आलं आणि आजचा शस्त्र कायदा, १९५९ चा, १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. हा कायदा काडतुसाकडे कसा बघतो, ते नीट ऐका. ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत तयार काडतूस तर आहेच, त्याचे सुटे भाग आहेत आणि ते बनवायची यंत्रंही आहेत. म्हणजे व्हिडिओतलं ते हँडलवालं यंत्रसुद्धा त्यात येतं. कलम ५ सांगतं, परवान्याशिवाय दारूगोळा बनवायचा नाही. बंदूक बाळगायचा परवाना वेगळा, बनवायचा वेगळा. आजोबांच्या परवान्यात हे येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा कमीत कमी ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे.

आता कायदा क्षणभर बाजूला ठेवून निव्वळ पैशाचं बोलू. समजा, यंत्र आणि बाकी हत्यारं मिळून ४०,००० रुपये. समजा, एका काडतुसामागे २० रुपये वाचतात. ४०,००० भागिले २०, म्हणजे २,००० काडतुसं भरल्यावर यंत्राचे पैसे निघाले. फायदा त्यानंतर. आकडे माझे, सोयीसाठी घेतलेले. तुम्ही तुमचे घाला, गणित तेच राहील.

अमेरिकेतला तो माणूस ट्रॅप खेळतो, म्हणजे उडत्या मातीच्या चकत्यांवर नेम. एका फेरीत २५ बार. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर २,००० बार वीस दिवसांत संपतात. त्याला परवडतं, यात नवल नाही. आपल्या शेतकऱ्याचं काय? वर्षाला २५ बार काढले तरी खूप झाले. त्या वेगाने २,००० बार व्हायला ८० वर्षं लागतील. शिवाय एका वेळी किती काडतुसं ठेवायची आणि वर्षात किती घ्यायची, हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. म्हणजे गणित ज्या एका गोष्टीवर चालतं, जास्त नग, तीच गोष्ट इथे मुळात बंद आहे.

आणि टोपी? ती घरी होत नाही. आजची बिनधुराची दारूही घरी होत नाही. यंत्र घेतलं तरी हे दोन्ही कारखान्याचंच लागणार. मग घरी भरण्यात ‘घरचं’ राहिलं काय? कवच आणि छर्रे.

एक खर्च या गणितात धरलेलाच नाही. जुन्या एकनळीची नळी काळ्या दारूच्या जमान्यातली असू शकते. दारू चुकीची पडली किंवा जास्त पडली तर नळी फुटते, आणि ती फुटते तेव्हा आपला डावा हात तिच्याखाली असतो, तोंड तिच्या मागे असतं. डुकरांसाठी बांधावर गावठी बॉम्ब ठेवणाऱ्यांचंही तेच. डुकराआधी घरचं कुत्रं किंवा शेजारची गाय ते चावते.

तर उत्तर: नाही, परवडत नाही. खेळाडूला अमेरिकेत परवडतं, शिंद्यांना आग्र्यात परवडत होतं, जालन्यातल्या एका परवानाधारकाला परवडत नाही. बारा बोअरची काडतुसं खडकीच्या कारखान्यात बनतात, परवाना दाखवून परवानाधारक दुकानातून मिळतात. महाग वाटतात, मान्य. पण वर्षाच्या पंचवीस नगांवर प्रत्येकी वीस रुपये वाचले तरी होतात पाचशे. मक्याच्या एका रात्रीच्या नुकसानीपुढे हे पाचशे कुठेच नाहीत.

म्हणून डोकं लावायचं तर नुकसानीच्या बाजूला लावा. रानडुक्कर आणि रोही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यामुळे हातात परवान्याची बंदूक असली तरी त्यांना मारायला वनविभागाची परवानगी वेगळी लागते. पीक खाल्लं तर वनविभागाकडे लगेच अर्ज करा, पंचनामा करून घ्या, भरपाई मागा. फोटो काढताना शेताचा बांध आणि ठसे दोन्ही दिसू द्या. मोबाइल तुमच्या खिशात आहेच, आणि त्याला टोपी लागत नाही.

भोकरदनकडे कधी गेलात तर वाट वाकडी करून असईला जा. दोन नद्यांच्या मधली ती जमीन आज साधी शेतजमीन दिसते. भेटू पुढच्या भागात.