बालपरवेशीपासून जी.आर.पर्यंत

गेल्या वर्षी ७ डिसेंबरला नातू शाळेतून आला तो खिशावर ध्वजाचं छोटंसं स्टिकर लावूनच. दप्तर टाकता टाकता त्याने विचारलं, "आजोबा, ह्याचे पैसे कोणाला जातात?" मी मास्तरकीच्या सवयीने सांगून टाकलं, "माजी सैनिकांना आणि त्यांच्या घरच्यांना." तो म्हणाला, "पण त्यांना पेन्शन असते ना? मग?"

त्या "मग?" ला मला पटकन उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं दर ध्वजदिनाला मी वर्गावर्गातून डबा फिरवला, मुलांना दोन शब्द सांगितले, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. म्हणून हा लेख. नातवासाठी आहे, आणि थोडा माझ्या थोरल्या काकीसाठीही आहे. ती आता नाही.

सैनिकाच्या घराची जबाबदारी राज्याने घ्यायची, ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांनी आणली असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर आपण सगळ्यांनी शाळेत निदान नावाने तरी ऐकलेली आहे. राजाराम महाराजांच्या वेळी जिंजीला ती लिहिली गेली. १६५९ च्या अफझलखानाच्या प्रसंगानंतर महाराजांनी काय केलं हे सांगताना सभासद नुसत्या बक्षिसांची यादी देऊन थांबत नाही. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत चालवावं, ज्यांना मुलगा नाही त्यांच्या बायकांना निम्मं वेतन चालू ठेवावं, जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत द्यावं, असा तपशील तो नोंदवतो. बखर घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेली आहे, हे मान्य. पण राज्याने असं वागायचं असतं ही समज तेव्हा होती, एवढं तरी त्यातून निश्चित दिसतं.

पुढे पेशवाईच्या कागदांत एक फार सुंदर शब्द भेटतो : बालपरवेशी. लढाईत पडलेल्या माणसाच्या मुलाबाळांच्या पालनपोषणासाठी दिलेली नेमणूक किंवा जमीन म्हणजे बालपरवेशी. 'अनुदान', 'अर्थसहाय्य' हे आपले आजचे शब्द त्याच्यापुढे कोरडे वाटतात. बालपरवेशी म्हटलं की समोर एक मूल उभं राहतं.

अर्थात त्या काळाचं उगीच सोनं करू नये. हे सगळं धन्याच्या मर्जीवर होतं. मर्जी फिरली, खजिना रिकामा झाला की नेमणूकही थकायची. हक्क म्हणून दाद मागायला जागा नव्हती. पण एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. माणूस कोणाच्या पथकात होता आणि कुठे पडला, हे सांगणारी माणसं सरकारच्याच बाजूची होती. विधवेला आपण कोण हे सिद्ध करत हिंडावं लागत असेल, असं त्या वर्णनातून वाटत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

इंग्रजी अमदानीत आमचा सातारा जिल्हा म्हणजे भरतीचं आगर. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. एप्रिल १९१६ मध्ये कुत-अल-अमारा पडलं तेव्हा शरण गेलेल्या फौजेत मराठे होते. अपशिंगे (मिलिटरी) ह्या एकाच गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले. गावाला कौतुक म्हणून स्मारक मिळालं. कोकणात आणि देशावर अनेक गावांत तशा दगडी पाट्या अजून दिसतात. गावातून किती गेले, त्यातले किती परतले नाहीत, एवढाच मजकूर. नावंसुद्धा नाहीत, फक्त आकडे. पराक्रम गाजवणाऱ्याला जंगी इनाम मिळे. बाकीच्यांच्या घरांचं काय, हा प्रश्न युद्ध संपल्यावर सरकारपुढे आला आणि १९१९ च्या सुमारास इंडियन सोल्जर्स बोर्ड उभं राहिलं. आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड आणि जिल्ह्याजिल्ह्यातली सैनिक कल्याण कार्यालयं ही त्याचीच पुढची पिढी.

मग दुसरं महायुद्ध आलं, आणि इथे आमचं घर ह्या इतिहासात येतं.

माझे थोरले चुलते १९४१ साली भरती झाले. पंचवीस लाखांहून अधिक हिंदी सैनिक त्या युद्धात होते, त्यातले ते एक. इटलीत गेले. त्याच मोहिमेत जुलै १९४४ मध्ये नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर आणि एप्रिल १९४५ मध्ये नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडग्यांची कबरही सापडलेली नाही, कसिनोच्या स्मारकावर नाव आहे. आमच्या काकांना असलं काही मिळालं नाही. ते धडधाकट परत आले, हेच मोठं बक्षीस. १९४६ साली घरी पाठवलं. सोबत पदकं, एक जाड ओव्हरकोट आणि डिस्चार्ज बुक.

पेन्शन? नाही. शिपायाला पेन्शनसाठी पंधरा वर्षांची नोकरी लागे, काकांची झाली पाच. युद्धापुरते घेतलेले लाखो लोक असेच रिकाम्या हाताने गावी आले. नातवाच्या "मग?" चं पहिलं उत्तर हे. सैनिक म्हणजे पेन्शनवाला, हे समीकरण सगळ्यांना लागू नव्हतं.

सरकारने ह्यांचा अजिबात विचार केला नाही असंही नाही. युद्ध चालू असतानाच दर लढाऊ सैनिकामागे महिना दोन रुपये आणि बिगरलढाऊ माणसामागे एक रुपया बाजूला टाकून युद्धोत्तर पुनर्रचना निधी उभा केला होता. तो पुढे प्रांतांकडे आला. त्यात १९४९ पासून ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाची भर पडली. पेन्शन आणि पलटण ही केंद्राची बाब. पण सैनिक परत येतो तो गावात, आणि गावातली जमीन, शाळा, एसटी, घरपट्टी हे सारं राज्याच्या हाती. म्हणून त्याच्या पुनर्वसनाची जबाबदारी दोघांची मिळून मानली गेली. हे नातवासाठी दुसरं उत्तर.

राज्याचा हात कुठवर पोचतो ह्याचं एक उदाहरण फारसं कोणी सांगत नाही. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणाऱ्याला जमीन मिळण्याची वाट खुली झाली. न्याय्यच होतं. पण सरहद्दीवर असलेल्या शिपायाची जमीनही दुसराच कोणीतरी कसत असणार! तो काही सावकार नव्हे, दोन-तीन एकरांचा धनी. १९६२ चं चीनचं युद्ध झालं आणि हा प्रश्न सगळ्यांना दिसू लागला. १९६४ साली महाराष्ट्राने मुंबई कूळवहिवाट कायद्यात खास प्रकरण घातलं आणि सैन्यात असलेल्या किंवा राहून आलेल्या मालकाला स्वतः कसण्यासाठी कुळाकडून जमीन परत मागण्याचा मार्ग दिला. आता ह्यात कूळही गरीब आणि शिपाईही गरीब. कोणाला काही द्यायचं तर कोणाचं तरी काही घेतलं जातं, हे सवलतींच्या इतिहासात पदोपदी दिसतं. आमच्या गावात अशा दोन घरांचं बोलणं कायमचं बंद झालेलं मी पाहिलंय. दोघांचीही मुलं माझ्या वर्गात एका बाकावर बसत.

आता काकीची गोष्ट.

काका १९८३ मध्ये गेले. पुढे १९९७ च्या सुमारास माझ्या कानावर आलं की दुसऱ्या महायुद्धातल्या ज्या सैनिकांना पेन्शन नाही त्यांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा मदत देतं. रक्कम लहान होती, पण काकीला औषधपाण्याला पुरली असती. मी उत्साहाने अर्ज लिहिला. अक्षर चांगलं, भाषा शुद्ध. मला वाटलं झालं काम.

कार्यालयातल्या बाबूने डिस्चार्ज बुक मागितलं. त्याचा निम्मा भाग वाळवीने खाल्लेला. शेवटी पलटणीच्या रेकॉर्डकडून नोंद मागवली, ती सात महिन्यांनी आली. काकांचं नाव होतं, नंबर होता, वारस म्हणून माझ्या आजोबांचं नाव होतं. काकीचं नाव कुठेच नव्हतं. असणार कसं? लग्न झालं १९४८ साली, काका सैन्यातून सुटल्यावर! तेव्हा गावात लग्नाची नोंद कोण करत होतं? लग्नपत्रिका नव्हती, फोटो नव्हता. रेशनकार्डावर तिचं नाव एक, मतदारयादीत दुसरं. बाबू म्हणाला, "मास्तर, ह्या त्यांच्या पत्नी कशावरून?"

मला कल्पना सुचली. चुलतभावाचं नाव आमच्याच शाळेच्या जनरल रजिस्टरात आहे, त्याचा उतारा द्यावा. रजिस्टर काढलं. मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख. आईच्या नावाचा रकानाच नाही. मी खुर्चीत बसून राहिलो. तशा रजिस्टरांत मी स्वतः शेकडो नोंदी वळणदार अक्षरात केल्या होत्या, आणि इतक्या वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं की ह्यात आई कुठे आहे? बाबूला नावं ठेवण्याचा अधिकार मला राहिला नाही.

पुढे प्रतिज्ञापत्रं झाली, तलाठ्याचा दाखला झाला, गावातले दोन म्हातारे वऱ्हाडी म्हणून साक्षीला आले. दोन वर्षांनी मंजुरीचा कागद आला. काकीला वाचून दाखवला. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हंजी मी त्येंची कोन व्हते, ते आत्ता कळलं म्हनायचं सरकारला." पुढे चार वर्षं तिला मदत मिळाली.

सभासदाच्या बखरीकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहतो. तिथे नोंद ठेवणं राज्याचं काम होतं, मदत मर्जीची होती. आज मदत हक्काची आहे, पण नोंद सिद्ध करण्याचं ओझं घरातल्या सगळ्यात दुबळ्या माणसावर आहे. दोन्हीतलं चांगलं एकत्र का येऊ नये?

मधल्या काळात सवलती पुष्कळ वाढल्या, हे कृतज्ञतेने सांगायला हवं. १९९९ च्या कारगिलनंतर लोकांचं लक्ष वीरपत्नींकडे गेलं. राज्य शासनाच्या वर्ग तीन आणि चारच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी सैनिकांच्या मुलामुलींची वसतिगृहं आहेत. २०१८ मध्ये शहिदांच्या कुटुंबाला दोन हेक्टरपर्यंत शेतजमीन देण्याचा आणि वीरपत्नींना एसटीचा मोफत प्रवास देण्याचा निर्णय झाला. २०१९ मध्ये शहिदाच्या कुटुंबाची मदत एक कोटीवर नेली. २०२० मध्ये घरपट्टीची माफी सगळ्या माजी सैनिकांना लागू झाली, आधी ती शौर्यपदकवाले आणि सैनिकांच्या विधवा यांच्यापुरतीच होती. यादी वाचून बरं वाटतं. पण ह्यातल्या प्रत्येक ओळीखाली "आवश्यक कागदपत्रे" असं एक शीर्षक असतं, आणि खरी लढाई तिथे असते.

म्हणून नात्यातल्या मंडळींना, विशेषतः ज्यांच्या घरात कोणी सैन्यात आहे किंवा होतं त्यांना, ह्या म्हाताऱ्याचं सांगणं. डिस्चार्ज बुक पेटीच्या तळाशी ठेवू नका, त्याच्या दोन-चार प्रती काढा. बायकोचं नाव, मुलांच्या जन्मतारखा पलटणीच्या रेकॉर्डमध्ये आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदवलेल्या आहेत का, ते माणूस हयात असतानाच बघा. रेशनकार्ड, आधार, बँक, सगळीकडे नाव एकसारखं करून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे. पण आजच्या काळातली बालपरवेशी ह्या कागदांतूनच सुरू होते.

नातवाला हे सगळं सांगून झालं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकीआजीचं नाव काय होतं?" मी सांगितलं. त्याने ते त्याच्या वहीत, त्या स्टिकरच्या शेजारी लिहून ठेवलं.

असो. एक नोंद तरी झाली.