पान गेले, पन्नी आली

“भाऊ, एक घोट ना!” वर्ध्याच्या पानठेल्यावर एवढे म्हटले की पुरते, काय घोटायचे ते सांगावे लागत नाही. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीवर पडतो, तळव्याखाली खसाखस रगडला जातो आणि ओलसर, तपकिरी खर्रा पुडी होऊन हातात येतो. पश्चिम महाराष्ट्रातला मावा हा याचाच भाऊबंद. वर्धा जिल्ह्यात गेली पन्नासेक वर्षे दारूबंदी आहे. खर्रा मात्र चौकाचौकात.

खर्ऱ्याचा पूर्वज म्हणजे विडा. सुपारी, चुना आणि नागवेलीचे पान हे त्रिकूट आपल्याकडे फार जुने; आयुर्वेदाच्या संहितांत तांबूल मुखशुद्धीसाठी सांगितले आहे. तंबाखू पोर्तुगिजांबरोबर आली आणि आधी दख्खनेत रुजली. 1604च्या सुमारास विजापूरहून परतलेल्या मोगल दूत असद बेगने ती अकबराच्या दरबारात नेली, तेव्हा तिकडे ती नवलाची वस्तू होती. पुढे ती विड्यातही शिरली.

पानामुळे विड्याला एक मर्यादा होती. रामटेकच्या मळ्यातले पान विदर्भाच्या उन्हात टिकवायचे तर ओल्या फडक्यात जपावे लागते. विडा लावला की खाऊन टाकावा लागतो. खर्ऱ्याने पानच वगळले. पुडी दिवसभर खिशात राहते, चिमूट संपली की दुसरी चिमूट गालात जाते. विडा पाहुण्याला देतात, देवापुढे ठेवतात, पैजेचाही उचलतात. खर्ऱ्याच्या वाट्याला यातले काही आले नाही. आली ती फक्त तलफ.

ही तलफ दोन उत्तेजकांची. तंबाखूतले निकोटीन 1828मध्ये हायडेलबर्गला वेगळे काढले गेले, सुपारीतले अरेकोलिन 1888मध्ये. निकोटीन मेंदूत डोपामिन वाढवते, नाडी जलद करते, भूक मारते. अरेकोलिनने लाळ सुटते, अंग तापते, तरतरी येते. चुना इथे चवीपुरता नसतो. त्याच्या क्षारामुळे निकोटीन मोकळे होऊन गालाच्या अस्तरातून झटपट रक्तात उतरते. घोटण्याची ती दोन मिनिटे म्हणजे एक छोटी रासायनिक प्रक्रियाच.

औषध म्हणूनही या दोघांचा उपयोग झाला आहे. अरेकोलिन कुत्र्यांच्या पोटातले जंत पाडायला वापरले जाई. निकोटीनचे च्युइंगगम 1970च्या दशकात स्वीडनमध्ये तयार झाले, आणि ते कशासाठी? तंबाखू सोडवण्यासाठी! मोजलेली मात्रा हळूहळू कमी करत न्यायची, हे त्यामागचे तंत्र. खर्ऱ्यात मात्रा मोजतो तो ठेलेवाल्याचा हात.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी ग्रामीण वर्ध्यातल्या किशोरवयीनांची पाहणी केली. 2008मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार 68.3 टक्के मुलग्यांनी मागच्या 30 दिवसांत तंबाखूचा कोणता ना कोणता पदार्थ घेतला होता. घेणाऱ्यांपैकी 46.4 टक्के खर्रा खात होते. ज्या गांधीजींनी ‘आरोग्याची किल्ली’त तंबाखूसाठी वेगळे प्रकरण लिहिले, त्यांच्याच सेवाग्रामच्या परिसरातली ही पोरे.

पुढे काय होते तेही ठाऊक आहे. गालाचे अस्तर पांढुरके, चिवट होते, तिखट सोसत नाही, तोंड उघडेनासे होते. 1953मध्ये मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी या विकाराला ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ म्हटले. त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. या विकाराचे मुख्य कारण सुपारी. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिला आहे. म्हणजे ‘बिनतंबाखूचा घोट’ ही पळवाटही बंद.

महाराष्ट्राने 2012मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पुढच्या आदेशांत खर्रा, मावाही आला. पन्नीवरचा हात त्याने थांबला नाही.

खर्रा खाणाऱ्याने आज आरशासमोर उभे राहून आपलीच तीन बोटे एकावर एक अशी उभी तोंडात घालून पाहावीत. जात नसतील, तर पानठेल्याआधी दातांच्या डॉक्टरकडे जावे. सोडायला मदत हवी असल्यास 1800-11-2356 हा सरकारी क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत.