शेळी कुणाची? माळाच्या इतिहासाला विचारायचा एक प्रश्न

मागे एका वाचकाने विचारलं होतं, ‘संशोधनाचा प्रश्न सापडतो कसा?’ आज इंदापूर-बारामतीच्या गवताळ माळावरून सांगते.

१८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातून जमीन मोजणीची नवी पद्धत सुरू केली. जमिनीचा कस पाहून सारा ठरवायचा, तो तीस वर्षं कायम ठेवायचा आणि पडीक जमीन लागवडीखाली आणायची, असा त्यामागचा हिशेब. सारा न देणारा माळ कागदावर ‘पडीक’ ठरला. पण त्याच गवतावर धनगरांची मेंढरं आणि गावच्या शेळ्या चरत होत्या. चिंकारा, खोकड, लांडगा जगत होते. पुढे नीरा डावा कालवा आला, ऊस आला, माळ आक्रसला. १९९७ मध्ये सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य झालं, जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं.

महसुलाचे आणि वन्यजीवांचे कागद तुम्ही शेजारी ठेवून वाचा. एकात खातेदार दिसतो, दुसऱ्यात प्राणी. शेळी राखणारी बाई दोन्हींत क्वचितच दिसते.

ती महत्त्वाची का? सातबारा बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर असतो, पण दारातली शेळी बाईच्या हातातली. ‘गरिबाची गाय’ म्हणतात ते उगाच नाही. शाळेचा खर्च, दवाखाना, अडीनडीला करडू विकलं जातं. लांडग्याने ते उचललं तर तिची शिल्लकच गेली. सरकार भरपाई देतं, पण त्यासाठी पंचनामा लागतो. करडू तोंडात धरून लांडगा पसार झाला, तर दाखवायचं काय? शिवाय हेलपाट्यांत मजुरीचे दिवस बुडतात. म्हणजे लांडगा जगवण्याची किंमत सगळ्यात आधी तीच मोजते.

२०२४ पासून कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनविभागाची गवताळ सफारी सुरू आहे. माळ आता पैसे मिळवून देतोय. मग पुढचा प्रश्न: ते पैसे कुणाच्या हातात जातात? वेंगुर्ल्यात मांडवी खाडीवर २०१७ पासून स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः कांदळवन सफारी चालवतात. कांदळवन टिकलं तर त्यांची कमाई टिकते. आसामात पूर्णिमादेवी बर्मन यांच्यासोबत गावच्या बायका हरगिला पक्ष्याची नक्षी कापडावर विणून विकतात आणि त्याची घरटी जपतात.

मात्र ‘बाईच्या हाती पैसा आला की वन्यजीव वाचले’ असं सरळ समीकरण मांडू नका. बचत गटाचं कर्ज काढून तिने आणखी चार शेळ्या घेतल्या, तर माळावरची चराई वाढेलच. कमाई गवत टिकण्याशी जोडलेली आहे का, हे पाहावं लागतं.

म्हणून क्षेत्रभेटीला जाल तेव्हा ‘लांडगे किती?’ एवढंच विचारून परत येऊ नका. शेळी कुणाची होती, पंचनाम्यावर नाव कुणाचं लागलं आणि भरपाई कुणाच्या खात्यात गेली, हेही विचारा. तीन उत्तरांत तीन वेगळी माणसं निघाली, तर समजा, तुमचा प्रश्न तुम्हाला सापडला.