एक यंत्र, अनेक बिऱ्हाडे

वीसेक वर्षांपूर्वी आमच्या घरच्या संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली होत्या. मला विंडोजमध्ये मजकूर टंकायचा असे, मुलाचे काम लिनक्समध्ये. ‘अब्बा, पाच मिनिटं थांबा,’ म्हणत तो यंत्र बंद करून पुन्हा सुरू करी. घर एक, बिऱ्हाडे दोन. पण एक आत असले की दुसरे दाराबाहेर. दोघांना एकदम नांदता का येऊ नये, असे मला वाटे. हा प्रश्न अमेरिकेत त्याआधी जवळजवळ चाळीस वर्षे पडला होता आणि सुटलाही होता, हे पुढे वाचनात आले.

त्या काळचा संगणक खोलीभर आकाराचा आणि अतिशय महाग. तो अनेकांनी मिळून वापरणे ही चैन नव्हती, गरज होती. १९६४ साली एमआयटी या नामवंत संस्थेने अशा सामाईक वापरासाठी आयबीएमला डावलून जनरल इलेक्ट्रिकचे यंत्र निवडले. त्याच वर्षाच्या अखेरीस केंब्रिज शहरातल्या आयबीएमच्या छोट्या केंद्रात रॉबर्ट क्रीसी आणि लेस कोमो यांनी वेगळा विचार केला. सगळ्यांचा कारभार एकाच अवाढव्य प्रणालीने पाहण्याऐवजी प्रत्येकाला स्वतःचे स्वतंत्र यंत्र मिळाल्याचा भास का देऊ नये? खाली एक छोटा नियंत्रक, वर प्रत्येकाचे आभासी यंत्र आणि त्यात त्याची स्वतःची प्रणाली. १९६७ च्या जानेवारीत ‘सीपी-४०’ या नावाने हे वापरात आले. कंपनीची भिस्त मात्र टीएसएस नावाच्या दुसऱ्याच मोठ्या प्रणालीवर होती. ती रखडली, आणि १९७२ साली केंब्रिजच्या कल्पनेतून आलेले ‘व्हीएम/३७०’ कंपनीने अधिकृतपणे बाजारात आणले.

यामागची युक्ती साधी आहे. वरची प्रणाली रोजची आकडेमोड थेट यंत्राकडून करून घेते. पण स्मृतीची वाटणी बदलण्यासारखी नाजूक आज्ञा तिने दिली, की यंत्र तिला अडवते आणि नियंत्रकाला हाक मारते. नियंत्रक इतरांना धक्का न लावता तिचे काम करून देतो. एखादी प्रणाली कोलमडली तरी शेजारणींना त्याचा पत्ता लागत नाही.

घरोघरी आलेल्या छोट्या संगणकांत नेमकी इथेच मेख होती. त्यांच्या इंटेल घराण्यातल्या चिपमध्ये काही नाजूक आज्ञा अडवल्याही जात नसत आणि नियंत्रकाला कळतही नसत. त्या गुपचूप गिळल्या जात किंवा भलतेच उत्तर देत. नकार मिळाला तर निदान दाद मागता येते; अर्जच गहाळ झाला तर कुणाकडे जायचे? त्यामुळे हे यंत्र अशा सहवासाला नालायक, असेच बहुतेक जाणकार मानत.

१९९८ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने वाट काढली. धोक्याच्या आज्ञा चालण्याआधीच हेरून त्यांच्या जागी निर्धोक आज्ञा घालायच्या, असा हा चालता अनुवाद. १९९९ साली त्यांचे उत्पादन आले आणि विंडोजच्या खिडकीत लिनक्स चालू लागले. २००३ साली इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातून आलेल्या ‘झेन’ने वरच्या प्रणालीतच थोडा बदल करून घेतला. अखेर २००५ साली इंटेलने आणि २००६ साली एएमडीने चिपमध्येच सोय केली.

आज इंटरनेटवरून भाड्याने मिळणारी संगणकसेवा बहुतांशी याच व्यवस्थेवर उभी आहे. एकाच यंत्रावर परस्परांची तोंडओळखही नसलेली बिऱ्हाडे राहतात. त्यातला धोकाही खरा आहे. २०१८ च्या जानेवारीत चिपच्या रचनेतले असे दोष जाहीर झाले, की मधल्या भिंतीतून शेजाऱ्याचे गुपित कानी पडू शकत होते. मग भिंती नव्याने लिंपाव्या लागल्या.

शेजाऱ्यांनी एकसारखे असावे, अशी अट या इतिहासात कुठेच नाही. अटी दोनच: भिंत शाबूत हवी, आणि प्रत्येकाची हाक खालच्या कारभाऱ्यापर्यंत पोचायला हवी.