काजळीतले पतंग

जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातले एक जोडचित्र दोन-तीन पिढ्यांच्या ओळखीचे आहे. एकीकडे दगडफुलाने झाकलेले फिकट खोड, दुसरीकडे काजळीने काळवंडलेले. दोन्हींवर एक पांढुरका आणि एक काळा पतंग. (दगडफूल म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातले तेच, निदान त्याच गणगोतातले.) पहिल्या खोडावर काळा पतंग चटकन नजरेत भरतो, दुसऱ्यावर पांढरा. नैसर्गिक निवड इतक्या थोडक्यात सांगणारे दुसरे चित्र मला माहीत नाही. पण पुढे या सगळ्या प्रकरणातला सर्वांत कच्चा दुवा ठरले ते नेमके हे चित्रच.

पतंगाचे शास्त्रीय नाव बिस्टन बेट्युलेरिया. पांढऱ्या पंखांवर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके, म्हणून इंग्रज त्याला पेपर्ड मॉथ म्हणतात. १८४८ साली मँचेस्टरमध्ये आर. एस. एडलस्टन या संग्राहकाला त्याचा पूर्ण काळा नमुना मिळाला. मँचेस्टर ही सूतगिरण्यांची राजधानी. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात आपल्या वऱ्हाडातला कापूसही लँकेशायरच्या त्याच गिरण्यांकडे गेला. गिरण्या वाफेवर चालत, वाफ कोळशावर, आणि धुराड्यांची काजळी भोवतालच्या झाडांवर बसे. १८९५ पर्यंत मँचेस्टरच्या परिसरातले सुमारे ९८ टक्के पतंग काळे झाले होते.

डार्विनच्या मते नैसर्गिक निवड इतकी संथ, की ती घडताना माणसाला दिसणे अशक्य. पण १८७८ च्या नोव्हेंबरात ए. बी. फर्न या हौशी कीटकसंग्राहकाने त्याला एक पत्र लिहिले. लुइस गावाजवळच्या खडूच्या पांढऱ्या उतारावर चुन्याच्या भट्ट्यांचा धूर वर्षानुवर्षे पसरतो आहे आणि तिथल्या दुसऱ्या एका जातीच्या पतंगांत फिकट कमी, काळपट जास्त होत चालले आहेत. ही योग्यतमाची टिकाव धरण्याची प्रक्रिया तर नव्हे, असा त्याचा प्रश्न होता. डार्विनने उत्तर दिल्याचे आढळत नाही. त्याच्या आयुष्यात त्याला मिळालेला हा कदाचित सर्वांत मोलाचा पुरावा टपालातच विरून गेला.

पुढचे पाऊल कागदावर पडले. १९२४ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी गणित मांडले. पन्नास वर्षांत काळ्या पतंगांचे प्रमाण एक टक्क्यावरून ९९ टक्क्यांवर जायचे, तर मागे उरणाऱ्या संततीच्या बाबतीत काळा पतंग फिकटापेक्षा जवळजवळ दीडपट सरस हवा. निवडीचा इतका जबर दाब त्या काळी कोणी कल्पिला नव्हता. (हेच हाल्डेन १९५७ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.)

गणिताला रानातला पुरावा देण्याचे काम बर्नार्ड केटलवेल यांनी केले. व्यवसायाने डॉक्टर, वेड पतंगांचे. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस विषारी धुरके साचले आणि तेव्हाच्या सरकारी अंदाजानेही सुमारे चार हजार माणसे गेली. त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात केटलवेल बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या रानात उतरले. पतंगाच्या पंखाखाली रंगाचा ठिपका द्यायचा, सकाळी त्याला खोडावर सोडायचे आणि रात्री दिव्याच्या सापळ्यात किती परत येतात ते मोजायचे. काळे २७.५ टक्के परत आले, फिकट १३ टक्के. १९५५ मध्ये डॉर्सेटच्या स्वच्छ रानात उलटे झाले: फिकट १२.५, काळे ६.३. पक्षी खोडावरचे पतंग टिपतात हे निको टिनबर्गन यांनी तिथे चित्रफितीवरही घेतले. यातून ते जोडचित्र जगभर गेले.

पण त्यातली अनेक छायाचित्रे मेलेले पतंग खोडावर लावून घेतलेली होती. साहजिकच आहे, दोन रंगांचे दोन पतंग एकाच खोडावर शेजारी बसलेले निसर्गात कोणाला सापडणार? शिवाय हे पतंग दिवसा उघड्या खोडावर क्वचितच बसतात, असाही आक्षेप होता. २००२ मध्ये ज्युडिथ हूपर यांचे पुस्तक आले आणि त्यात केटलवेलच्या प्रामाणिकपणावरच शंका घेतली गेली. माणूस १९७९ मध्येच वारला होता, उत्तर कोण देणार? उत्क्रांतीच्या विरोधकांना आयते कोलीत मिळाले. चित्र मांडून काढलेले, म्हणजे सिद्धान्तही रचलेला, अशी त्यांची उडी.

या वादाला केंब्रिजच्या मायकेल मजेरस यांनी दिलेले उत्तर मला या इतिहासातले सर्वांत सुंदर प्रकरण वाटते. २००१ पासून सहा वर्षे त्यांनी आपल्या बागेत ४,८६४ पतंग सोडले. रात्री सोडायचे आणि पहाटे दुर्बीण घेऊन कोणता पक्षी कोणाला खातो ते पाहत बसायचे. झाडांवर चढून नैसर्गिकपणे बसलेले १३५ पतंग शोधले, तेव्हा एक तृतीयांशाहून थोडे जास्त खोडावरच निघाले, बाकीचे बहुतेक फांद्यांवर. त्या स्वच्छ हवेत काळे पतंगच जास्त खाल्ले गेले. केटलवेल बरोबर होते. मजेरस २००९ मध्ये वारले. त्यांचे आकडे इतर चौघांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या गटाला काळ्या रंगाचे मूळही सापडले. कॉर्टेक्स नावाच्या जनुकात डीएनएचा एक उडता तुकडा येऊन बसला होता, आणि ही घटना १८१९ च्या आसपासची असावी असा त्यांचा हिशेब आहे.

२०२३ साली एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती वगळली, तेव्हा अठराशेहून अधिक वैज्ञानिक-शिक्षकांनी जाहीर निषेध केला. त्यांचे म्हणणे योग्यच होते. दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलाला ती पुन्हा भेटणार नाही. बारावीत हे पतंग अजून आहेत. पण तिथेही आपण मुलांना चित्र दाखवतो, केटलवेल-मजेरसची मोजणी क्वचितच, आणि चित्रावर बसलेला विश्वास एखाद्या पुस्तकाने उडून जातो.

ब्रिटनने १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा केला. लिव्हरपूलजवळच्या कॅल्डीत सर सिरिल क्लार्क यांनी १९५९ पासून दर उन्हाळ्यात पतंग मोजले. (आपल्याकडे आरएच-निगेटिव्ह बाळंतिणीला देतात त्या अँटी-डी इंजेक्शनच्या संशोधनातही यांचाच मोठा वाटा.) सुरुवातीला ९० टक्क्यांवर असलेले काळे पतंग १९९५ च्या सुमारास २० टक्क्यांच्या आत आले. दगडफूल खोडांवर परतले.

त्याच धुराड्यांतून काजळीबरोबर कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडत होता. त्याने खोड काळे होत नाही, त्यामुळे त्याचे जोडचित्र काढता येत नाही. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर या वाफेच्या तंत्रातल्याच इंजिनिअरने फावल्या वेळात जगभरच्या तापमानाच्या नोंदी जमवल्या, हाताने बेरजा केल्या आणि पृथ्वी तापते आहे, त्यात या वायूचा हात आहे, असे लंडनच्या हवामानतज्ज्ञांपुढे मांडले. त्यांना ते पटले नाही. गंमत म्हणजे ही ऊब माणसाला फायद्याचीच, असे खुद्द कॅलेंडरला वाटत होते. तोही १९६४ मध्येच वारला. त्याआधी, १९५८ च्या मार्चमध्ये, चार्ल्स कीलिंगने हवाईतल्या मौना लोआवर हवा मोजायला सुरुवात केली होती. पहिला आकडा दर दहा लाख भागांत ३१३ आला. ब्रिटनचे कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले, तेव्हा तो ४२० च्या पुढे गेलेला होता.